घरच्या घरी कोरलचं सामान: तबकड्या, जाळी, चुन्याची निवळी

खाऱ्या पाण्याचा टँक स्थिरावला आणि त्यात पहिलं मऊ कोरल (प्रवाळ) आलं, की दुकानदार एकेक वस्तू पुढे करू लागतो. कोरल चिकटवायची तबकडी, ती ठेवायची जाळी, कॅल्शियमची बाटली, अल्कलिनिटीची (आम्ल सोसून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) बाटली, कोरलचं खाणं. यातलं बरंच परदेशातून येतं आणि किंमतही तशीच असते. मात्र सिमेंट, शिंपल्या, चुना आणि खायचा सोडा एवढ्यावर यातलं बहुतेक सामान घरी होतं. अट एकच आहे: पाण्यात जे जाणार, त्यात काय काय आहे ते तुम्हाला माहीत हवं. कोरल, गोगलगायी, कोळंब्या यांना तांब्याचा किंवा कीटकनाशकाचा अंशही सोसत नाही. माशांना काही झालं नाही म्हणून पाणी ठीक आहे, असं समजू नका.

मी पुण्यात फ्लॅटमध्ये मऊ कोरल ठेवते. खालची मापं १०० लिटर पाण्याची आहेत. वाळू आणि खडक जागा व्यापतात, त्यामुळे टँकवर लिहिलेला आकडा धरू नका. भरताना प्रत्यक्ष किती पाणी लागलं ते मोजून ठेवा.

१. आधी कागद, मग कोरल

भारतात राहत असाल तर ही पायरी टाळू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये खडक बांधणारी सगळी कडक कोरलं, काळी कोरलं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सी फॅन आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. मेलेल्या कोरलचा पांढरा तुकडाही तिच्यातून सुटत नाही. मालवणच्या समुद्रात कोरल आहे आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहलीला गेलात तर किनाऱ्यावरचा तुकडा तिथेच राहू द्या. अंदमान किंवा लक्षद्वीपहून कोणी आणून दिला तरी घेऊ नका.

म्हणून या लेखात झोअँथिड, मश्रूम आणि लेदर ही मऊ कोरलंच धरली आहेत. नवख्या माणसाला तीच योग्य, कारण पाण्यातला थोडा चढउतार ती सोसतात. तीही घेताना एवढे कागद मागा:

- कोरलचं नाव लिहिलेलं पक्कं बिल. नुसतं "मरीन आयटम" लिहिलेलं चालणार नाही.
- परदेशातून आलं असेल तर विक्रेत्याकडच्या आयात परवान्याची आणि क्वारंटाइनच्या कागदांची प्रत.
- कोणाच्या टँकमधून तुकडा घेतला असेल तर कोणाकडून, कधी आणि काय घेतलं याची लेखी नोंद.

कागद दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून कोरल घेऊ नका, कितीही सुंदर असलं तरी.

२. पाणी: घरच्या फिल्टरवर विश्वास टाकण्याआधी

पुढचं सगळं सामान आरओ पाण्यात करायचं आहे. पण स्वयंपाकघरातला फिल्टर पिण्याचं पाणी देण्यासाठी असतो, टँकसाठी नाही. बऱ्याच फिल्टरांत चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा मिनरलची नळी लावलेली असते. आणि हल्ली "कॉपर" असं लिहिलेले फिल्टर घरोघरी आहेत. ते पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. आपल्याला आरोग्यदायी म्हणून विकलं जाणारं हेच पाणी कोरलला विष आहे.

मेंब्रेनमधून निघणारी नळी मिनरल आणि कॉपरच्या आधीच काढून घेता येते. फिल्टर दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं तर तो टी (तीन तोंडांचा जोड) लावून देतो. त्या पाण्यावर पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी लावा आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य किंवा एक दाखवतोय का ते पाहा. मीटर स्वस्त असतो, पहिली खरेदी त्याचीच करा.

३. सिमेंटच्या तबकड्या

लागणारं सामान:

- पांढरं सिमेंट, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एक किलोचं पाकीट
- तिसऱ्यांच्या शिंपल्या
- सिलिकॉनचा बर्फाचा ट्रे, खड्डे साधारण ३ सेंटीमीटर रुंद
- रबरी हातमोजे, मास्क, जुनी बादली
- पीएच मोजायचं किट

दुकानात पांढऱ्या सिमेंटच्या शेजारीच वॉल पुट्टी ठेवलेली असते. दिसायला तशीच, पण तिच्यात पॉलिमर असतात. पाकिटावर "पुट्टी", "वॉटरप्रूफ" किंवा "टाइल अॅडहेसिव्ह" यातलं काही छापलं असेल तर ते परत ठेवा.

तिसऱ्या ज्या दिवशी घरी होतील त्या दिवशी शिंपल्या आधीच वेगळ्या करा. रश्श्यात शिजलेल्या घेऊ नका, तेल-मसाला त्यांच्यातून निघत नाही. नुसत्या पाण्यात उकळून मांस काढा, ब्रशने घासा, कडक उन्हात वास जाईपर्यंत वाळवा. मग जाड कापडात गुंडाळून हातोडीने ठेचा. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. धूळ चाळून टाका आणि ठेचताना मास्क लावाच.

एक वाटी सिमेंटला तीन वाट्या चुरा. कोरडं नीट मिसळा, मग पाणी चमच्याचमच्याने घाला. मूठ दाबली की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी ओघळू नये. पाणी जास्त झालं तर तबकडी ठिसूळ होते. ट्रेमध्ये एक सेंटीमीटर जाडीचा थर दाबून भरा आणि वरून थोडा कोरडा चुरा टाकून बोटाने टेपा. खरबरीत पृष्ठभागावर कोरल पटकन पाय रोवतं, गुळगुळीतवरून सुटतं. ओलं सिमेंट त्वचा भाजतं, तेव्हा हातमोजे काढू नका.

ट्रेवर ओलं फडकं टाकून एक दिवस ठेवा, मग तबकड्या काढून आणखी आठवडाभर ओल्याच ठेवा. लगेच उन्हात ठेवल्या तर पांढऱ्या पडतात आणि कडा झडतात.

खरी कसोटी इथून पुढे. सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो आणि तो कित्येक दिवस पाण्यात उतरत राहतो. ताजी तबकडी टँकमध्ये टाकली तर पीएच वर जातो, आणि किती जाईल यावर तुमचा ताबा नसतो. म्हणून तबकड्या बादलीत बुडवून रोज पाणी बदला, चार ते सहा आठवडे. रोज बदलायचा कंटाळा येत असेल तर जाळीच्या पिशवीत भरून फ्लशच्या टाकीत सोडा. घरातल्या माणसांच्या वापराने पाणी आपोआप बदलतं. त्या टाकीत निळी वडी टाकत असाल तर मात्र हा मार्ग बंद.

तयार झाल्या का हे दिवस मोजून ठरवू नका. दोन तबकड्या झाकणाच्या बरणीत आरओ पाण्यात एक दिवस ठेवा आणि पीएच मोजा. साडेआठच्या वर असेल तर अजून भिजत घाला.

४. जाळी

ऑफिसांच्या छतात ट्यूबलाइटखाली चौकटी-चौकटींची पांढरी प्लास्टिकची जाळी असते, तीच घ्या. फॉल्स सीलिंगचं सामान विकणाऱ्याकडे तिचे तुकडे मिळतात. चंदेरी मुलामा असलेली घेऊ नका. पक्कडने हवा तो आकार कापा, कडा घासा, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे केबल टायने पायांसारखे बांधा. अर्ध्या तासाचं काम आहे.

५. कोरल चिकटवणं

गोंद घरी करायचा नाही. सुपर ग्लू जेल घ्या, पातळ नको, ते पाण्यात पसरतं. तबकडी आणि कोरलचा तळ टिपून कोरडा करा, वाटाण्याएवढं जेल लावा, दाबून धरा आणि पाण्यात सोडा. लेदरसारख्या बुळबुळीत कोरलला जेल धरत नाही. त्याच्या देठातून जाड दोरा ओवून तबकडीला सैल बांधा. देठाने तबकडीला धरलं की दोरा कापा.

मश्रूम तर जेलनेही चिकटत नाही आणि दोऱ्यानेही टिकत नाही. वाटीत शिंपल्यांचा चुरा घाला, त्यावर मश्रूमचे तुकडे ठेवा आणि वर जाळीचं कापड ताणून रबराने बांधा. दोन आठवड्यांत ते तुकडे चुऱ्याला धरतात. जाळी म्हणून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घ्यायचा मोह होतो. मच्छरदाणी औषध लावलेली असेल तर तिच्यातलं कीटकनाशक टँकमधल्या कोळंब्या आणि खेकडे मारून टाकेल. लग्नाच्या दुकानातली साधी नेट धुऊन वापरा.

झोअँथिड कापताना मात्र कुठलीही सवलत घेऊ नका. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. हवाईच्या पॅलिथोआतून ते शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये वेगळं केलं, आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. चष्मा आणि हातमोजे घाला, हातावर जखम असेल तर काम पुढे ढकला. सुरी, पाट, वाटी सगळं वेगळं ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका. मुलं आणि मांजर-कुत्री खोलीबाहेर. ज्या खडकावर झोअँथिड होते तो साफ करायला कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका. अशा वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना झाल्या आहेत.

६. चुन्याची निवळी

आपल्याकडे लहान मुलांना द्यायची निवळी ज्या तत्त्वावर होते, तीच ही. पाण्यात विरघळलेला चुना कॅल्शियमही देतो आणि अल्कलिनिटीही, आणि दोन्ही कोरलला हव्या त्याच प्रमाणात.

त्याआधी एक प्रश्न: तुमच्या टँकला ती हवी आहे का? मऊ कोरल फारसा चुना खात नाहीत. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत असाल तर नुसत्या झोअँथिड-मश्रूमच्या टँकला बहुधा काहीच घालावं लागत नाही. पण खडकावर जांभळं कोरॅलाइन शेवाळ पसरलं, गोगलगायी वाढल्या, की चुना खर्च होऊ लागतो. आठवड्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अल्कलिनिटी मोजा. ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) ठीक. आठवड्यात एकाहून जास्त उतरली तरच पुढे वाचा.

पानाला लावायचा डबीतला चुना चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. रंगाच्या दुकानातला चुना त्याहून वाईट, त्यात नीळ आणि डिंकही असू शकतो. लॅब ग्रेडचं किंवा खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांची दुकानं आहेत, इतर शहरांत शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणारे असतात.

एक लिटर आरओ पाण्यात २ ग्रॅम चुना टाका, झाकण घट्ट लावून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पांढरा गाळ आणि वर काचेसारखं पाणी दिसेल. वरचं पाणी हळूच दुसऱ्या बाटलीत ओता, गाळ मागे राहू द्या. झाकण उघडं राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर सायीसारखा पापुद्रा धरतो. तो दिसला की समजा, तेवढी निवळी वाया गेली.

या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यात गेली तर इजा करते. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहा आणि ती पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नका.

टँकमध्ये ती कधीही ओतू नका, थेंबथेंब सोडा. त्यासाठी औषधांच्या दुकानातून सलाइनचा सेट आणा. त्याचं चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतात. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. पहिल्या आठवड्यात रोज २५० मिली पुरे. मिनिटाला १५ थेंब ठेवलेत तर ते साडेपाच तास चालतात. बाटली टँकच्या वर टांगा आणि नळीचं टोक पंपाच्या धारेजवळ सोडा, कोरलच्या अंगावर नाही. वेळ रात्रीची, कारण दिवे बंद झाले की टँकचा पीएच उतरतो आणि निवळी तो सावरते.

बाटलीत त्या रात्रीपुरतीच निवळी भरा. चाक निसटलं आणि सगळी एकदम गेली तरी २५० मिलीच जाईल. चाकाजवळ पांढरा थर साचून थेंब थांबतात, तेव्हा आठवड्यातून एकदा सेट व्हिनेगरने धुवा.

सकाळी पीएच मोजा. ८.४ च्या वर दिसला तर प्रमाण निम्मं करा. एक लिटर निवळी १०० लिटर पाण्यात साधारण १.१ डीकेएच आणि ८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) कॅल्शियम वाढवते, त्यावरून तुमचा हिशोब मांडा. निवळी ही बाष्पीभवनाच्या पाण्याची जागा घेते, जास्तीचं पाणी नव्हे. मे महिन्यात पंख्याखाली टँक भरपूर पाणी उडवतो, तेव्हा निवळीला जागा असते. जुलैत तेवढं पाणी उडतच नाही, तेव्हा जुना आकडा चालू ठेवला तर खारटपणा घसरतो.

७. दोन बाटल्यांचं मिश्रण

हा भाग मुख्यतः आखातात, अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठी. तिथे टँकमध्ये वाढवलेल्या कडक कोरलचे तुकडे दुकानात मिळतात आणि त्यांची चुन्याची भूक निवळीने भागत नाही.

बाटली पहिली: एक लिटर आरओ पाण्यात ७५ ग्रॅम खायचा सोडा. बेकिंग पावडर नको, पापडखार नको, फ्रूट सॉल्ट नको. घटकांत फक्त सोडियम बायकार्बोनेट लिहिलेलं हवं.

बाटली दुसरी: एक लिटर आरओ पाण्यात कॅल्शियम क्लोराइड. लेबल वाचा: डायहायड्रेट असेल तर ६६ ग्रॅम, अॅनहायड्रस असेल तर ५० ग्रॅम. विरघळताना हे पाणी चांगलंच तापतं, तेव्हा जाड प्लास्टिकच्या भांड्यात थोडं थोडं टाका. कपाटातली ओल शोषायला मिळणाऱ्या डब्यांतही हाच क्षार असतो, पण त्यात बहुधा सुगंध मिसळलेला असतो. ते वापरू नका. दमट हवेत हे पाकीट उघडं राहिलं तर खडे घामेजून चिकटतात आणि वजन खोटं येतं. हवाबंद बरणी लागते.

दोन्हीतून प्रत्येकी २० मिली १०० लिटरमध्ये घातलं की अल्कलिनिटी ०.५ डीकेएच आणि कॅल्शियम साडेतीन पीपीएमच्या आसपास वाढतं. दोन्ही एकत्र कधी ओतू नका, पाण्यात दुधासारखा ढग उठतो आणि सगळा चुना तळाला बसतो. एक सकाळी, एक संध्याकाळी.

दारं-खिडक्या बंद असलेल्या एसीच्या खोलीत पीएच सतत ७.८ च्या खाली राहत असेल तर सोडा भाजून घ्या. ओव्हनमध्ये १५० अंशांवर, ताटात पातळ पसरून, एक तास. ७५ ग्रॅमचे ४७ ग्रॅम झाले पाहिजेत. वजन जास्त भरलं तर अजून भाजा. तेवढे ४७ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवले की ताकद तीच राहते, पण पीएच वर ढकलला जातो. हा भाजलेला सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला.

८. खाणं

कोळंबी आणि माकूल, कच्चं आणि बिनमिठाचं. आरओ पाण्यात दोनदा धुवा, मिक्सरमधून काढा, गाळणीत पुन्हा धुवा म्हणजे दूषित करणारा रस निघून जातो. बर्फाच्या ट्रेमध्ये पातळ वड्या गोठवा. मिक्सरचं भांडं हळद-मसाल्याचं नको. आठवड्यातून दोनदा नखाएवढा तुकडा पुरतो, पंप पंधरा मिनिटं बंद ठेवून. झोअँथिड आणि लेदर मुख्यतः प्रकाशावर जगतात, त्यामुळे खाणं वाढवून ती भराभर वाढत नाहीत, शेवाळ मात्र वाढतं.

९. हे घरी करायला जाऊ नका

मीठ. मिठागरातलं खडेमीठ जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड असतं, कारण मॅग्नेशियम वगैरे मागे उरलेल्या पाण्याबरोबर काढून टाकलेलं असतं. ते विरघळवून समुद्राचं पाणी होत नाही. शहराजवळच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणणं तर नकोच, त्यात सांडपाणी असतं.

चुंबकाची जाळी. निओडिमियम चुंबकावरचा थर तडकला की चुंबक खाऱ्या पाण्यात गंजतो आणि टँकमध्ये धातू सोडतो. घ्यायचीच असेल तर बंदिस्त विकत घ्या.

अल्कलिनिटी आणि कॅल्शियमची टेस्ट किट. घरी केलेल्या प्रत्येक बाटलीचा हिशोब या दोन आकड्यांवर उभा आहे, तेव्हा किट चांगल्या प्रतीची घ्या, मुदत पाहून घ्या आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.